आधी गाठ सोडली

लाँड्रीतल्या बायकांनी ताईला बजावून ठेवलं होतं. "तुझा भाऊ वर चढायला तुझ्याही डोक्यावर पाय देईल, लिहून ठेव," असं त्या म्हणायच्या, आणि ताई ओल्या चादरीचं टोक झटकत म्हणायची, "देऊ दे की! लहानपणी खांद्यावर बसायचा, आता डोक्यावर बसला तर काय मोठंसं?" बायका हसायच्या, ताईही हसायची. भावाची निंदा तिला कधी झोंबलीच नाही. पोरगा हुशार आहे, पुढं जाणार, आणि मागं राहिलेल्यांच्या पोटात दुखणारच, असं साधं गणित तिनं मांडून ठेवलं होतं. गणित साफ चुकलेलं होतं, पण तिला सांगणार कोण?

ही लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल ट्रक भरभरून इथं यायचे. एका दारानं मळकं आत, दुसऱ्या दारानं घड्या होऊन बाहेर. मधे मळके कपडे निवडायच्या टोपल्या, धुण्याचे मोठमोठे ड्रम, आणि सगळ्यात शेवटी, वाफेनं कायम धूसर असलेल्या दालनात, रोलर. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेलं, आतून तापवलेलं लोखंडी लाटणंच म्हणा. दोन बायका शेजारी शेजारी उभ्या राहून चादरीची दोन टोकं धरायच्या, कड पट्ट्यावर ठेवायच्या, आणि रोलर चादर आत ओढून पलीकडे कोरडी, कडक करून टाकायचा. पलीकडे घडी घालणाऱ्या बायका. त्यांना अलीकडचं काही दिसत नसे आणि अलीकडच्यांना त्यांचं.

ताईची जोडीदारीण होती रेडिओ. तिचं खरं नाव हजेरीच्या वेळीच ऐकू यायचं. सकाळी पहिल्या चादरीबरोबर ती जी सुरू व्हायची ती सुट्टीचा भोंगा वाजेपर्यंत. नवऱ्याच्या घोरण्यापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत तिला कुठलाच विषय वर्ज्य नव्हता. ताईला मात्र तिची बडबड हवी असायची. रोलरची घरघर ऐकण्यापेक्षा रेडिओ बरी.

आईबाप गेले तेव्हा ताई स्वतःच शेंबडी पोर होती आणि भाऊ तिच्याही पदराला धरून चालणारा. ताई लाँड्रीत लागली, तिनं भावाला वाढवलं, शाळेत घातलं, आणि मिसरूड फुटल्यावर मॅनेजरच्या विनवण्या करून त्याला याच लाँड्रीत चिकटवलं, पुढं त्याचं लग्नही लावून दिलं. त्याला मुकादम हे नाव मात्र गल्लीनं दिलेलं. लहानपणी खेळात तो कधी पळायचा नाही. बाजूच्या कट्ट्यावर उभा राहून कोण बाद झालं, कोणावर डाव आला, ते ओरडून सांगायचा. पोरं चिडायची आणि तरी ऐकायची. ताईला त्याचं केवढं कौतुक!

मग तो खराच चढायला लागला. वजनकाट्यावर एक म्हातारा बसायचा, जेवणानंतर भिंतीला टेकून डुलकी काढायचा. सगळ्यांना माहीत होतं, कुणाचं काही अडत नव्हतं. भावानं ते मॅनेजरच्या कानावर घातलं आणि म्हाताऱ्याच्या स्टुलावर स्वतः जाऊन बसला. ताई म्हणाली, "कामाच्या वेळी झोपायचंच कशाला?" पुढं गाडीवरच्या ड्रायव्हरची पाळी आली. हा ड्रायव्हर त्याचा जिवाभावाचा दोस्त. एका डब्यात जेवलेले. त्यानं विश्वासानं सांगितलं, की दुसऱ्या लाँड्रीतून बोलावणं आलंय, विचार करतोय. दुसऱ्या दिवशी मालकानं त्याला विचार करायची तसदी उरू दिली नाही, गेटवरूनच घरी पाठवलं. ताई म्हणाली, "त्यानं तरी मालकाचं मीठ खाऊन असं का करावं?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, इथं चोराच्या वतीनं बहीण बोंब मारत होती. खरं सांगायचं तर ताईचाही राग येतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ हे ठीक, पण दुसऱ्यांचे ओठ फुटताना तिनं बघितले होते आणि डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

रोलरच्या दालनाचा मुकादम तो झाला, त्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. रोलरच्या तोंडाशी, पूर्ण लांबीभर, एक लोखंडी दांडा टांगलेला असतो. चादरीबरोबर बोटं पुढं गेली तर आधी दांड्याला लागतात आणि रोलर जागच्या जागी थांबतो. हा दांडा म्हणजे बायकांच्या बोटांचा राखणदार. पण जाड पलंगपोस आला किंवा चादरीला घडी पडली तरी तो दांड्याला लागतो, रोलर थांबतो, पुन्हा सुरू करावा लागतो, खोळंबा होतो. त्यावर एक चोरटा उपाय होता. जुन्या चादरीची चिंधी फाडायची आणि दांडा वर उचलून दोन्ही टोकांना खांबांशी बांधून टाकायचा. मग रोलर कशालाच थांबत नाही. जुना मुकादम हे करू द्यायचा नाही. कुणी बांधला तर शिव्या घालून सोडायला लावायचा. भाऊ मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, "मला द्या दालन. याच मशीनवर, याच बायकांत, दीडपट माल काढून दाखवतो."

आणि दाखवला. रोज सकाळी त्याचा हुकूम सुटायचा, "बांधा गं दांडा!" डावीकडची बाई डावं टोक बांधायची, उजवीकडची उजवं. तपासणीचे अधिकारी आले की गेटवरून तीनदा बेल वाजायची, चिंध्या सटासट सुटायच्या, बायका चिंधी कमरेला खोचून साळसूद चेहऱ्यानं उभ्या. अधिकारी गेले की पुन्हा बांधा. एकदा रेडिओ म्हणाली, "मुकादम, तुमच्या ताईची पण बोटं आहेत हो इथं." तो म्हणाला, "ताईला काम येतं. ज्यांना येत नाही त्यांनी घरी बसावं." ताईला त्या उत्तराचा अभिमान वाटला. कुंपणच शेत खातंय हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या दिवशी दवाखान्याच्या जाड चादरी होत्या. ड्रममधून नीट पिळून न आलेल्या, जड, पिळा पडलेल्या. एका चादरीची कड ताईच्या उजव्या हाताच्या बोटांभोवती गुंडाळली गेली आणि ती सोडवायच्या आत रोलरनं चादर ओढली, चादरीबरोबर हात ओढला. रेडिओ बोलता बोलता थांबली, आणि ती थांबली म्हणून लांबच्या ड्रमवरच्या लोकांनीही माना वळवल्या असं पुढं सगळे सांगत. तिनं पाठीमागं झेप घेऊन लाल बटण दाबलं. रोलर फिरायचा थांबला. पण थांबला म्हणजे सुटला नाही. तापलेल्या लोखंडाखाली हात तसाच. रोलर वर उचलायला एक हँडल असतं, ते लावून फिरवावं लागतं, आणि ते हँडल मुकादमाच्या टेबलामागं खुंटीला असायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा त्याचाच नियम. रेडिओ ताईला पाठीमागून कवेत धरून ओरडत होती, "हँडल! हँडल आण रे!"

मुकादम धावत आला. हँडल त्याच्या हातात होतं. ताईनं त्याला येताना बघितलं आणि, काय सांगावं, तेवढ्यातही तिला हायसं वाटलं. आला गं बाई माझा भाऊ.

त्यानं हँडल खाली ठेवलं. आधी दांड्याची गाठ सोडली. ताईच्या बाजूची. मग दोघींच्या मागून वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथली सोडली. चिंध्या खिशात कोंबल्या. दांडा खाली आला. मग त्यानं हँडल उचललं, लावलं, आणि फिरवलं.

रेडिओचं डोकं ताईच्या पाठीत खुपसलेलं, तिनं बघितलं नाही. पलीकडच्या बायकांना रोलरआडून आणि ड्रमवरच्यांना वाफेतून दिसणं शक्य नव्हतं. बघितलं एकट्या ताईनं, उघड्या डोळ्यांनी.

दवाखान्यात हाताचं जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं. अंगठा राहिला, आणि त्याच्या मुळाशी थोडा तळवा. ताई पडून होती आणि मनाला समजावत होती, घाबरला असेल पोरगा. घाबरल्यावर माणसाला काही सुचत नाही. पण त्याला तर सुचलं होतं. नेमकं सुचलं होतं. हा विचार आला की ती कूस बदलायची आणि हात दुखला की बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ डोकं दुसरीकडे लागायचं.

इकडे लाँड्रीत अधिकारी येऊन गेले होते. सुटा दांडा बघून त्यांनी झाडूची काठी पुढं सरकवली. काठी दांड्याला लागली आणि रोलर तत्काळ थांबला. मग अधिकारी म्हणाला, "दांडा चालू आहे, तर बाईचा हात आत गेला कसा?" घाईघाईत केलेल्या लबाडीचं असंच होतं. एक लपवायला जावं तर दुसरं उघडं पडतं. आता कुणीतरी दांडा बांधला होता हे कबूल करणं भाग होतं. कुणी, एवढंच ठरायचं होतं.

भाऊ दुपारी दवाखान्यात आला, पलंगाशी बसला आणि ढसाढसा रडला. ताईनं डाव्या हातानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. रडणं ओसरल्यावर तो म्हणाला, "ताई, चौकशी होणार आहे. दांडा कुणी बांधला विचारतील. तू सांग, मीच बांधला होता. सवयीनं. मुकादमाला माहीत नव्हतं म्हण."

त्याच्या डोक्यावरून फिरणारा ताईचा हात थांबला.

"मॅनेजर सोडून चाललाय," तो म्हणाला. "मालकानं मला शब्द दिलाय. नेमकं आता माझ्यावर काही आलं तर सगळं मातीत गेलं बघ. इतकी वर्षं मी राबलो ते कशासाठी?"

"आणि माझा हात रे?"

"हात काय आता परत येणार आहे का, ताई?"

हे वाक्य तो म्हणाला. ज्या हातानं त्याला भरवलं, त्या हाताबद्दल, त्या हाताला गुंडाळलेल्या पट्ट्यांकडे बघत म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं म्हणून त्या बोलण्याचा नीचपणा कमी होत नाही. उलट दगडानं रडून दाखवावं तसं ते वाटतं. आणि ताई? ताई "बरं" म्हणाली. जन्मभर त्याला "बरं" म्हणत आली होती, जीभ तेवढंच शिकली होती.

चौकशी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. काचेचं टेबल, त्यावर पाण्याचे पेले, टेबलामागं दोन अधिकारी, बाजूला मालक मोबाइलकडे बघत बसलेला. मुकादम कपाटाला टेकून उभा होता, कडक इस्त्रीच्या शर्टात. बाहेर बाकावर रेडिओ आणि घडीवरच्या बायका, तोंडात मूग धरून. ताई एका हातानं पदर सावरत खुर्चीवर बसली.

"दांडा कुणी बांधला होता?" मोठ्या अधिकाऱ्यानं विचारलं.

"मी."

"मुकादमांनी सांगितलं होतं?"

"नाही. त्यांना माहीत नव्हतं." भावाला ती पहिल्यांदाच अहोजाहो करत होती.

"बरं. पण दांडा दोन्ही टोकांना बांधावा लागतो. तुम्ही या टोकाला उभ्या असता. त्या टोकाचं कुणी बांधलं?"

हे तिला कुणी पढवलं नव्हतं. तेही आपणच बांधलं म्हणावं का, असा विचार तिच्या मनात यायचा होता, तेवढ्यात कपाटापासून आवाज आला.

"तिच्या जोडीदारणीनं, साहेब. दोघींचं संगनमत असायचं. तिला कामावरून काढायची शिफारस मी आधीच करून ठेवलीय."

आधीच. म्हणजे दवाखान्यात पलंगाशी बसून रडत होता तेव्हाही हे ठरलेलं होतं. रेडिओ, जिनं झेप घेऊन बटण दाबलं, नाहीतर खांद्यापर्यंत हात गेला असता. जिनं ताईला कवेत धरलं होतं. घरी अंथरुणाला खिळलेला नवरा आणि तिच्याच पगारावर चालणारी चूल. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि तीही ताईच्या तोंडून. स्वतःचा हात देऊन झाल्यावर हा माणूस तिच्याकडून आता दुसऱ्या बाईची भाकरीही मागत होता. ताईच्या अंगाचा संताप संताप झाला. जन्मात पहिल्यांदा तिला भावाचा राग आला, आणि तो आला तो एकदम सगळा आला, म्हाताऱ्याचा, ड्रायव्हरचा, सगळ्यांचा साठलेला.

"साहेब, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "दांडा रोज बांधला जातो. याच्या हुकुमानं. तुम्ही आलात की बेल वाजते आणि आम्ही सोडतो. आणि माझा हात आत असताना, रोलर तापलेला असताना, यानं हँडल खाली ठेवलं. आधी गाठ सोडली. दोन्हीकडची सोडली. मग मला सोडवलं."

मालकानं मोबाइल खाली ठेवला.

"साहेब, औषधांमुळे तिला भास होतात," मुकादम म्हणाला. मग आवाज मऊ करून, "ताई, तू शुद्धीत नव्हतीस गं."

"होते रे," ताई म्हणाली. "शुद्ध गेली असती तर बरं झालं असतं."

मग रेडिओला आत बोलावलं. ती आली, बोलायला लागली, आणि ती एकदा सुरू झाल्यावर तिला थांबवणं अधिकाऱ्यांच्याही हातात नव्हतं.

आता ऐकणाऱ्याला वाटेल, पापाचा घडा भरला. कसचा भरतोय! मालकाला दंड झाला, तो त्यानं भरला. दांडा बांधता येऊ नये म्हणून त्याला कुलपं बसली, ती आजही आहेत, एवढं मात्र झालं. रेडिओची नोकरी टिकली, पण तिला रोलरवरून काढून मळक्या चादरी निवडायला टाकली, दवाखान्यांच्या घाणीत. आणि मॅनेजरची खुर्ची? ती मुकादमालाच मिळाली. ज्यानं सख्ख्या बहिणीची गय केली नाही तो बाकीच्यांची काय करणार, याहून मोठं प्रशस्तिपत्र मालकाला कुठलं हवं होतं? असली माणसं स्वतःहून थोडीच वर चढतात, त्यांना वर ओढून घेणारेही वर बसलेलेच असतात. केबिनच्या दारावर त्याची पाटी लागली. आता त्याला मुकादम म्हटलेलं खपत नाही. डबा तो केबिनमध्ये एकटाच खातो, कारण तो आत आला की जेवणघरातल्या गप्पा बंद होतात.

घरी तर त्याहून वाईट. त्याची बायको पोरीला घेऊन माहेरी गेली. जाण्याआधी ताईला भेटायला आली होती. म्हणाली, "ताई, बहिणीचा हात जळत असताना ज्याला गाठ आठवली, त्याला उद्या माझी पोर संकटात असताना काय आठवेल, याचा मला भरवसा नाही." ताईनं तिला अडवलं नाही.

आणि एका दुपारी मॅनेजरसाहेब ताईच्या दारात आले. लाँड्री सुटल्यापासून गल्लीतली दोन पोरं ताईकडे सांभाळायला असतात, ती आत झोपली होती. ताईनं त्याला आत ये म्हटलं नाही. तो पायरीवर बसला, चांगली पँट मळेल म्हणून आधी रुमाल अंथरून. ताई दाराला धरून उभी राहिली. बघायला गेलं तर तो वाळला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिला दया आली, नाही असं नाही.

"ती फोन उचलत नाही," तो म्हणाला. "पोरीशीही बोलू देत नाही. तुझं ती ऐकते, ताई. तू एकदा जाऊन तिला सांग."

म्हणजे हातासाठी आला नव्हता. माफी मागायलाही नाही. पुन्हा कामच काढून आला होता.

"काय सांगू?"

"सांग की झालं ते झालं. मी त्याला माफ केलं म्हण. तुझ्या तोंडून ऐकलं की ती येईल." मग ताईच्या तोंडाकडे बघून तो चिडला. "तुम्हा सगळ्यांना वाटतं मी राक्षस आहे. वर जायचं तर काहीतरी मागं सोडावंच लागतं. सगळे सोडतात. माझ्या जागी असतीस तर तूही तेच केलं असतंस."

"तुझ्या जागी मी होते," ताई म्हणाली.

त्यानं मान वर केली.

"आई गेली तेव्हा मावशी आली होती. तुला आठवत नसेल. तिला मूलबाळ नव्हतं, घर मोठं होतं. मला घेऊन जाणार होती, शाळेत घालणार होती, पुढं शिकवणार होती. पण फक्त मला. मुलगा नको म्हणाली, तुला अनाथाश्रमात ठेवायचं ठरवून आली होती. मला म्हणाली, तू नुसतं हो म्हण, बाकी मी बघते. तुझं सगळं आयुष्य माझ्या एका शब्दावर होतं. तेव्हा तुझी मॅनेजर मी होते."

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला तर नाहीच, उगाच पोराला उपकाराखाली दबल्यासारखं नको. आज सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता तरी, असं तिच्या मनात आलंच.

त्यानं थोडा वेळ विचार केला. कपाळाला आठी पडली. तो टोमणा मारत नव्हता, चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

"मोठं घर, शिक्षण, सगळं?" त्यानं विचारलं. "मग गेली का नाहीस?"

आणि तो उत्तराची वाट बघत पायरीवर बसून राहिला. ताईनं डाव्या हातानं दार लोटलं आणि आतून कडी घातली.